शिडी देते, पण आधी ऐका

वहिनी, शिडी हवी ना? देते की. पण आधी ती पिशवी दाखवा. वरून द्या, खालून कुंपणाची मेंदी टोचते. हं, म्हणजे आणलीत शेवटी एलईडीची पट्टी! काल भाऊजी स्कूटरवरून उतरले आणि पिशवी पोटाशी धरून आत गेले, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, शेजारी काहीतरी शिजतंय.

गणपतीच्या आराशीला? आणि हॉललाही? आणि ओट्यावर? अहो, मग शिडी न्याच, पण दहा मिनिटं थांबा. माझ्या कुकरच्या अजून तीन शिट्ट्या बाकी आहेत. ह्या पट्टीपायी गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात काय रामायण झालं, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा तुम्ही माहेरी जळगावला होतात, आणि परत आलात तोवर पुरावा भंगारवाल्याने नेला होता.

झालं असं, की ह्यांनी मोबाइलवर बघून एक रीळ मागवलं. ५ मीटर पट्टी, रिमोट फुकट, अडाप्टर फुकट, सगळं मिळून ३९९ रुपये. खोक्यावर छापलेलं, एक कोटी साठ लाख रंग. मला साडीच्या दुकानात चारातली एक निवडताना घाम फुटतो, आणि इथे एक कोटी साठ लाख! रिमोटवरची बटणं मोजली तर चोवीस. त्यातली चार नाचकामाची: फ्लॅश, स्ट्रोब, फेड, स्मूथ. हे नुकतेच निवृत्त झालेले, हात शिवशिवत होते. हॉलच्या पीओपीला खाच आहे ना, तिच्यात स्वतः शिडीवर चढून पट्टी चिकटवली. हीच शिडी. मग दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला रिमोट दाबून दाखवणं चालू. पेपरवाल्यालासुद्धा सोडलं नाही.

तिसऱ्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या. बाहेर आपला तळेगावचा पाऊस, धो धो. लाइट गेली होती, ती नेमकी तेव्हाच आली. बघतात तर हॉलमध्ये छतापासून सोफ्यापर्यंत एक जांभळा साप लोंबकळतोय, आणि त्याच्या अंगातून उजेड येतोय! आईंनी आरडाओरडा केला नाही हो. काठी उचलली आणि हाणली. आम्ही धावत बाहेर आलो तर पट्टी खाली पडलेली, तिच्याबरोबर भिंतीचा हातभर रंग सोलून आलेला, आणि आई काठी टेकून उभ्या. म्हणाल्या, "मेला नाही अजून. डोळे मिचकावतोय."

हसा, हसा. मी तेव्हा हसू शकले नाही, रंगाऱ्याचे पैसे मोजायचे होते.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. तो चिंचवडला कारखान्यात पॅनेल जोडायच्या कामावर आहे, त्याला ह्यातलं कळतं. त्याने टीपॉयवर पट्टी पसरली आणि शवविच्छेदन केलं. पहिलं म्हणजे, ती पडणारच होती. कागद सोलला की पाठीला जो चिकटपणा असतो, तो पीओपीला धरत नाही, पीओपीवरच्या पिठासारख्या धुळीला धरतो. डिस्टेंपरचंही तेच. त्यात आपली दमट हवा, आणि वर पट्टीची स्वतःची गरमी. एलईडी गरम होत नाही म्हणतात ना लोक, त्यांना अर्धा तास पेटलेल्या पट्टीवर बोट ठेवायला सांगा. तो म्हणाला, मामा, ॲल्युमिनियमची पन्हळ मिळते. दुकानात प्रोफाइल किंवा चॅनेल म्हणायचं. ती स्क्रूने ठोकायची, तिच्या पोटात पट्टी बसवायची आणि वरून दुधी झाकण सरकवायचं. पट्टी पडत नाही, गरमी त्या धातूत उतरते म्हणून एलईडी जास्त दिवस जगतात, आणि झुरळांना अंडी घालायला जागा उरत नाही. हे शेवटचं माझं.

दुसरं प्रकरण अडाप्टरचं. आमच्याकडे पांढरा रंग लावला की अडाप्टरच्या बाजूला पांढरा दिसायचा आणि पलीकडच्या टोकाला गुलाबी. ह्यांचं म्हणणं, तसं डिझाइनच असेल. भाच्याने अडाप्टर उलटा केला, पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे गुणाकार केला तर २४ वॅट. आणि पट्टी होती ५०५० एलईडीची, मीटरला ६० दाणे. तसली पट्टी पूर्ण पेटली की मीटरला १४.४ वॅट खाते. पाच मीटरला ७२. वहिनी, ७२ वॅटचं ओझं आणि २४ वॅटचा हमाल! अडाप्टर तापून इस्त्री झाला होता. जळका वास येत होता तो मला दोन दिवस शेजारच्या... नाही, तुमच्या नाही, पलीकडच्यांच्या फोडणीचा वाटला होता.

आणि टोकाला गुलाबी का? तुम्हाला सांगायलाच नको, तुमच्या माहेरी केळीच्या बागेला ठिबक आहे ना? नळी लांबच लांब टाकली आणि दाब कमी पडला की पहिल्या झाडाला पाणी धो धो आणि शेवटच्याला थेंब थेंब. पट्टीतही तांब्याची अगदी पातळ पाती असते, वीज तिच्यातून पुढे पुढे जाताना दाब उतरत जातो. निळ्या आणि हिरव्या दाण्यांना दाब जास्त लागतो, म्हणून ते आधी माना टाकतात. लाल बिचारा थोडक्यात भागवतो, तो तेवढा टिकून राहतो. झालं गुलाबी.

बघू, तुमच्या रिळावर काय लिहिलंय. चष्मा नाही माझा, तुम्हीच वाचा. २८३५? म्हणजे दाणा २.८ बाय ३.५ मिलिमीटरचा. ते मॉडेल नंबर वगैरे काही नसतं, मापच असतं ते. मीटरला १२० दाणे. ९.६ वॅट प्रति मीटर. १२ व्होल्ट. छान आहे की. पाच मीटरला ४८ वॅट झाले. त्यावर एक पंचमांश जास्तीचा धरायचा, म्हणजे साधारण ५८. अडाप्टर कितीचा दिलाय? ५ अँपिअर? म्हणजे ६० वॅट. अगदी बरोब्बर! भाऊजींनी आणली कुठून? तपकीर गल्लीतून? तरीच. अहो, बुधवार पेठेत त्या गल्लीत शिरलं की वायर, माळा, बल्ब ह्यांखेरीज दुसरं काही दिसत नाही, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर काउंटरवरचा पोरगासुद्धा हिशेब करून देतो. फक्त गाडी नेऊ नका. लोकलने शिवाजीनगर, पुढे रिक्षा.

अडाप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. आहे? मग ठीक. माझं स्पष्ट मत आहे, पट्टीत शंभर-दोनशे वाचवा, अडाप्टरमध्ये वाचवू नका. पट्टी बिघडली तर अंधार होतो. अडाप्टर बिघडला तर वेगळाच उजेड पडतो.

काय? दोन रिळं एकाला एक जोडून हॉलभर फिरवणार? नको हो वहिनी! तेच तर ठिबकचं सांगतेय मगापासून. ५ मीटरच्या पुढे तीच नळी ओढायची नाही. प्रत्येक रिळाला अडाप्टरपासून आपली स्वतंत्र वायर न्यायची, किंवा अडाप्टर मध्ये ठेवून दोन्ही अंगांना एकेक रीळ सोडायचं. आणि अडाप्टर मग दोघांच्या बेरजेचा. त्यापेक्षा हॉलसाठी ही परत करा आणि २४ व्होल्टची आणा. सारखाच उजेड हवा असेल तर २४ व्होल्टला अँपिअर निम्मे लागतात, त्यामुळे धाप कमी लागते, टोकापर्यंत एकसारखी पेटते. दिसायला अगदी सारख्या असतात हं दोन्ही, छापलेलं वाचल्याशिवाय कळत नाही. १२ची पट्टी २४च्या अडाप्टरला लावली की क्षणभर लखलखते आणि मग कायमची झोपते.

आणि १२ व्होल्टच आहे, काय होतंय, असं म्हणून भाऊजी बारीक वायर वापरतील. झटका बसत नाही हे खरं. पण ६ अँपिअर त्या केसाएवढ्या वायरीतून नेले तर ती वितळते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या बाजूला तर हात लावूच नका म्हणावं, तिथे वायरमनच हवा. आपल्या गल्लीतल्या कामांना येतो तोच. उशिरा येतो, पण अर्थिंग बघितल्याशिवाय जात नाही.

अगंबाई, शिट्टी झाली का? नाही, ती समोरच्यांची.

हं, तर रंगाचं ऐका. रिळावर के लिहिलेला आकडा असतो, केल्विनचा. २७०० ते ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बसारखा. ४००० म्हणजे नॅचरल, धड पिवळा नाही धड निळा नाही. ६५०० म्हणजे कूल, दुपारच्या ढगाळ आभाळासारखा निळसर पांढरा. तुमची किती? ३०००. शहाणी निवड. आणि ही दुसरी, छोटी? ६५००. ही कुठे लावणार? देवघरात?

वहिनी, माझं ऐका, देवघरात ही लावू नका. आम्ही लावून बघितली. समईच्या ज्योतीशेजारी तो निळसर उजेड असा दिसतो, की मूर्तीवर चढलेलं तेज उतरून जातं, चांदीचं निरांजन स्टीलचं वाटतं. आई हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवांना आयसीयूत का ठेवलंय?" त्याच संध्याकाळी काढली. शिवाय पावसाळ्यात ह्या निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर त्या मानाने कमी. तुम्ही खिडकीजवळ लावलीत तर सकाळी पंखांचा केर काढत बसाल.

एक गंमत सांगू? ह्या दोन्ही पट्ट्या बंद असताना बघा. दोन्हींचे दाणे पिवळेच दिसतात ना? वॉर्मचे जरा नारिंगीकडे झुकलेले, कूलचे लिंबासारखे. आत मात्र दोन्हींत निळा एलईडीच असतो. त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर देतात, निळा नि पिवळा मिसळून आपल्या डोळ्याला पांढरा दिसतो. थर कसला आणि किती, त्यावर वॉर्म की कूल ते ठरतं. लाल एलईडी १९६२ सालापासून होता, पण निळा काही केल्या नीट जमेना. तो जमवला मूळच्या जपानी तिघांनी, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा, आणि त्यासाठी २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. भाच्याने ही नावं माझ्याकडून पाठ करून घेतली, म्हणाला मामी, ३९९चं रीळ म्हणून तुच्छ लेखू नकोस.

पण मी म्हणते, नोबेल मिळालेल्या शोधाचं कोपऱ्यावरच्यांनी काय केलंय बघा! हळू बोलते, त्यांच्याकडच्या मावशी येतील एवढ्यात. त्यांचा हॉल बघितलात रात्रीचा? रोज जांभळा. दिवाळी नाही, बारसं नाही, जांभळा. परवा स्टेशनवरून येताना रिक्षावाला मला विचारतो, "इथे हॉटेल कधी झालं हो ताई?" आणि जिना बघितलात का? प्रत्येक पायरीखाली पट्टी, आणि सेन्सर. पाय पडला की पायरी पेटते. ऐकायला झकास. पण त्यांच्या घरात मांजर आहे! रात्री दोनला मांजर वर जातं, जिना पेटतो, साहेब बॅट घेऊन बाहेर येतात. मांजर खाली येतं, पुन्हा तेच. त्यांच्या मावशीच सांगत होत्या, मी काही चौकश्या करत नाही.

रंगीत पट्टी राहत्या घरात नको, हे माझं ठाम मत. आठ दिवस गंमत, मग रिमोट सोफ्याच्या फटीत जातो आणि जो रंग त्या दिवशी होता तो जन्माचा. शिवाय त्या रिमोटला समोर डोळा लागतो. डोळा तुम्ही खाचेत लपवलात की तुम्ही आपल्या छताकडे हात करून उभ्या, जशी काही आकाशवाणी व्हायची आहे. मोबाइलवर चालणाऱ्याही आहेत, बोललं की पेटणाऱ्याही आहेत. ह्या सगळ्या रंगीत पट्ट्यांतल्या काही, लाइट जाऊन आली की आपल्या आपण पेटतात. आमच्या सापाने आईंना गाठलं ते असंच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

सेन्सर मात्र वाईट नाही हं, जागा बरोबर हवी. आमच्याकडे आता आईंच्या पलंगाखाली मीटरभर पट्टी आहे, वॉर्म, मंद. त्या रात्री पाय खाली टाकतात, पट्टी पेटते, बाथरूमपर्यंत फरशी दिसते. डोळ्यांवर काही येत नाही, दिवा लावायला चाचपडावं लागत नाही. काठी हवी तेव्हा सापडते. आई त्याला पाळलेला साप म्हणतात.

ओट्याचं सांगते, ते महत्त्वाचं. तुमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा ना, चकचकीत? मग ही दाणेवाली पट्टी उघडी लावू नका. आमच्या जाऊबाईंकडे बघितलंय मी. कपाटाखाली पट्टी, आणि खाली ग्रॅनाइटमध्ये एकेक दाणा उमटलेला, जशी पेटलेल्या मुंग्यांची रांग. पोळी लाटायला उभं राहिलं की नजर तिथेच जाते. एक तर दुधी झाकणाचं चॅनेल घ्या, नाही तर ती दुसरी पट्टी येते, सीओबी. दुकानदार कॉब म्हणतात, मला आधी कोंबच ऐकू आलं. तिच्यात दाणे इतके जवळ जवळ असतात आणि वरून पिवळा सलग थर, की पेटल्यावर एक अखंड रेघ दिसते. थोडी महाग पडते, पण ओट्याला लागते तरी किती? दोन मीटर.

आणि लावायची कुठे, तर वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेला आतून. सुतार नेहमी मागे भिंतीला लावून देतात, कारण त्यांना सोपं पडतं. मागे लावली तर टाइल्स उजळतात आणि विळीवरचा कांदा अंधारात. आपण ओट्यापुढे उभं राहिलो की छतावरचा दिवा आपल्या पाठीवर पडतो आणि आपलीच सावली चिरण्यावर. पुढच्या कडेची पट्टी त्या सावलीच्या आत येते. मी आता संध्याकाळी तांदूळसुद्धा ओट्यावरच निवडते.

तिथे अजून एक आकडा विचारा, सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, शंभरपैकी. ८०च्या खाली काही घेऊ नका, ओट्याला नि कपड्यांच्या कपाटाला ९०चं मिळालं तर बघा. माझा अनुभव सांगते. आधीच्या स्वस्तातल्या पट्टीखाली कोथिंबीर नेहमी शिळी दिसायची. मी भाजीवाल्याशी दोन महिने अबोला धरला होता. तांबडा रस्सा तपकिरी, टोमॅटो फिकट. पट्टी बदलली आणि भाजीवाला निर्दोष सुटला. पण आता त्याला काय सांगू? गवार घ्यायला जाते आणि खाली मान घालून पैसे देते.

बिलाचं म्हणाल तर, एलईडी आहे म्हणजे वीज लागतच नाही, हा एक मोठा गैरसमज. तुमचा हॉल केवढा, बारा बाय चौदा? चहूबाजूंनी ५२ फूट झाले, म्हणजे १६ मीटर. गुणिले ९.६. दीडशे वॅटच्या वर गेलं की! जुने दोन पंखे चालवल्यासारखं. रोज पाच तास लावलंत तर महिन्याला २३ युनिटं. महावितरणच्या बिलात शंभर युनिटं ओलांडली की पुढचा दर चढतो, तेव्हा ही तेवीस नेमकी वेशीपलीकडची असली तर झोंबतात. शिवाय खाचेतला उजेड आधी छतावर आपटतो, मग खाली येतो, त्यामुळे बराचसा वाटेतच मुरतो. त्या उजेडात पेपर वाचता येत नाही, तुमची ट्यूब काही सुटत नाही. आम्ही शेवटी टीव्हीच्या भिंतीवर आणि समोरच्या बाजूला, दोनच अंगांना लावली. पाहुण्यांना फरक कळत नाही. तुम्हालाही कळला नव्हता!

आता गणपतीचं. मखर कशाचं करताय, पुठ्ठ्याचं? बरं. थर्माकोलला २०१८पासून बंदीच आहे, आणि तसंही गरम पट्टीखाली ते आक्रसायचं. आराशीसाठी बाजारात ती थेट प्लगात घालायची जाडी रोप लाइट मिळते ना, २३० व्होल्टची, ती मखरात नको. मुलं मखरात हात घालतात, मोदक उचलायला. बाहेर गच्चीच्या कठड्याला ठीक आहे. आणि त्यातल्या बऱ्याचशा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही, पण मोबाइलला दिसतं. गेल्या वर्षी आमच्या आरतीच्या व्हिडिओत गणपतीवर काळे पट्टे वर-खाली फिरत होते. अमेरिकेतल्या नणंदेने फोन करून विचारलं, कॅमेरा पडला का म्हणून. दुकानातच पट्टी पेटवून मोबाइलचा कॅमेरा समोर धरायचा. पट्टे दिसले की परत.

कापायची झाली तर नीट बघून कापा. दर तीन दाण्यांनंतर तांब्याचे दोन ठिपके असतात, मध्ये रेघ आणि कात्रीचं चित्र. त्याच रेघेवर. ह्यांनी अंदाजे कापली आणि कापलेल्या बाजूचे दाणे मेले. तीन-तीनचे गट असतात हो, १२ व्होल्ट तिघांत वाटून घेतात, एकाला तोडलं की तिघंही संपावर. २४ व्होल्टच्या पट्टीत गट मोठे असतात, तिथे कात्रीची जागा लांब लांब येते, म्हणून कोनाड्याचं माप आधी घ्या.

अजून एक, रीळ गुंडाळलेलं असताना चालते का बघायला म्हणून पेटवाल, तर मिनिटभरात बंद करा. आतल्या आत तापतं ते. अडाप्टर मखराच्या मागे कापडात गुंडाळून ठेवायचा नाही, त्याला हवा लागते. दहा दिवस चोवीस तास ठेवायचं असेल तर मग दुप्पट हवा. अंगणात तुळशीवृंदावनाला लावणार असाल तर आयपी ६५ किंवा ६७ लिहिलेली, सिलिकॉनची खोळ असलेली. पण तिचंही टोक कापलंत की तिथून पाणी शिरतं, टोपी बसवून सिलिकॉन भरायला सांगा वायरमनला.

ही आली बघा माझी शिट्टी. तिसरी. जाते मी, डाळ लागेल.

तर हे ३०००वालं एक रीळ मखराला आणि टीव्हीमागे ठेवा, दुसरं परत करा, ६५००वाली परत करा, बिल असेलच ना? त्या पैशात ओट्याला कॉब येईल. भाऊजींना म्हणावं, पीओपीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, आणि चॅनेलशिवाय वर चढू नका.

शिडी बाहेर व्हरांड्यात आहे, घेऊन जा. डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, खाली पुठ्ठ्याची घडी घाला.